आपला उजेड, परक्याचा अंधार

दिवाळीची सुट्टी लागली की मुंबई-पुण्याची निम्मी बिऱ्हाडे गावाकडे निघतात. कोणी कोकणात उतरतो, कोणी देशावर जातो, कोणी समृद्धी महामार्गाने विदर्भ गाठतो. प्रवासाआधी गाडीचे तेलपाणी पाहावे, चाकांत हवा भरावी, ही रीत जुनीच आहे. अलीकडे तीत आणखी एका कलमाची भर पडली आहे. गाडीचा धनी दुकानात जातो, पुढल्या दिव्यांचा उजेड कमी पडतो अशी तक्रार करतो आणि अर्ध्या तासात अधिक लखलखीत बल्ब बसवून समाधानाने घरी परततो. एवढ्याशा बल्बाला वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर स्थान कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, हा बल्ब बसवणारा एक असतो आणि त्याचा परिणाम भोगणारे मात्र रात्रभर समोरून येणारे शेकडो अनोळखी लोक असतात. जेथे एकाच्या सोयीचा भार दुसऱ्याच्या जिवावर पडतो, तेथे प्रश्न खाजगी राहत नाही. तो सार्वजनिक होतो.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत पायी चालणारेच ३२ हजारांहून अधिक होते. दिवसाच्या साऱ्या प्रहरांत सायंकाळी ६ ते ९ या वेळात सर्वांत जास्त अपघात होतात, हेही तीच आकडेवारी सांगते. हे सारे बळी दिव्यांनी घेतले, असे म्हणण्याचा अविवेक आम्ही करणार नाही. वेग, मद्य, थकवा, रस्त्यांची रचना अशी अनेक कारणे आहेत. परंतु सूर्य मावळल्यानंतर रस्त्यावरच्या माणसाचा जीव तो समोरच्या चालकाला वेळेवर दिसतो की नाही, यावर अवलंबून असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

प्रथम गाडीवाल्याची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. त्याची तक्रार खोटी नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बहुतेक गाड्यांत साधे हॅलोजन बल्ब आहेत. त्यांच्या पिवळसर उजेडात पावसाने काळवंडलेला डांबरी रस्ता गिळून टाकल्यासारखा दिसेनासा होतो. पुष्कळ रस्त्यांवर कडेचे पांढरे पट्टे पुसले गेलेले असतात. ऊसतोडणीच्या हंगामात सांगली-कोल्हापुरकडे मागचा दिवा नसलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या रस्त्याने संथ चाललेल्या असतात. त्यातच समोरून येणाऱ्या नव्या, उंच गाड्यांचे पांढरेशुभ्र कारखानी एलईडी दिवे डोळ्यांवर आदळतात. अशा वेळी आपलाही उजेड वाढवावा असे कोणाला वाटले, तर तो त्याचा उतावळेपणा नव्हे. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या डोळ्यांना तर पाहण्यासाठी अधिक प्रकाश लागतो आणि तिरीप गेल्यावर सावरण्यासही अधिक वेळ लागतो. गरज खरी आहे. परंतु बाजार तिला देत असलेले उत्तर खोटे आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे.

हे उत्तर खोटे का, हे समजण्यास थोडे शास्त्र लागते. पण ते शाळकरी मुलालाही कळण्यासारखे आहे. मोटारीचा दिवा म्हणजे केवळ बल्ब नव्हे. प्रकाश देणारा तंतू, तो प्रकाश गोळा करणारा परावर्तक आणि त्याला ठराविक दिशा देणारी मांडणी, या तिहींचा मिळून तो दिवा होतो. आपल्याकडे सर्वत्र आढळणाऱ्या एच-४ जातीच्या बल्बात दोन तंतू असतात : वरच्या झोतासाठी ६० वॉटचा आणि खालच्या झोतासाठी, म्हणजे ज्याला आपण डिपर म्हणतो त्यासाठी, ५५ वॉटचा. खालच्या झोताच्या तंतूखाली धातूची एक इवलीशी वाटी बसवलेली असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते आणि त्यामुळेच रस्त्यावर पडणाऱ्या झोताला वरच्या बाजूस स्वच्छ कड येते. कडेच्या खाली उजेड, कडेच्या वर काळोख. त्या काळोखात समोरच्या चालकाचे डोळे सुरक्षित राहतात. आपण डावीकडून वाहने चालवतो, म्हणून ही कड डावीकडे किंचित वर उचललेली असते. हेतू हा की रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस दिसावा आणि उजवीकडून येणाऱ्याला मात्र त्रास होऊ नये. ही सारी किमया तंतू मिलिमीटरच्या अंशापर्यंत नेमक्या जागी असण्यावर टिकून आहे. तंतू जागचा हलला की झोत मोडला.

आता बाजारात काय मिळते ते पाहू. पहिला प्रकार जादा वॉटच्या बल्बांचा. ६०/५५ च्या जागी १००/९० चा बल्ब बसवला की उजेड त्या प्रमाणात वाढेल, असा साधा हिशेब मांडला जातो. परंतु १२ व्होल्टच्या गाडीत ६० वॉटचा बल्ब ५ अँपिअर प्रवाह ओढतो, तर १०० वॉटचा ८ अँपिअरहून अधिक. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे त्याच जुन्या तारेत ती पावणेतीन पटींच्या घरात जाते. तार तापते, प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो, परावर्तकाचा मुलामा करपतो आणि प्रसंगी आग लागते. शिवाय बारीक तारेतून अधिक प्रवाह ओढला की वाटेतच व्होल्टेज अधिक गळते, त्यामुळे अपेक्षिलेला उजेडही पुरता हाती येत नाही. आणि जो हाती येतो, तो समोरच्याच्या डोळ्यांत त्याच प्रमाणात अधिक जातो.

दुसरा प्रकार निळसर काचेच्या बल्बांचा. यांचा प्रकाश पांढरा भासतो, कारण काचेवरचा निळा लेप तंतूच्या प्रकाशातील पिवळा-तांबडा भाग गाळून टाकतो. गाळणीतून काही गाळले की उरते ते कमीच. म्हणजे पदरचे जादा पैसे देऊन कमी उजेड विकत घेण्याचा हा व्यवहार आहे.

तिसरा आणि आज सर्वांत फोफावलेला प्रकार हॅलोजनच्या घरात एलईडी किंवा झेनॉनचा संच बसवण्याचा. एलईडी हे वाईट तंत्र आहे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ज्या गाडीचा दिवा मुळातच एलईडीसाठी घडवला आहे, तिच्यात तो उत्तम काम करतो. पण तंतूसाठी घडवलेल्या परावर्तकात पट्टीवर चिकटवलेले चपटे एलईडी ठेवले की प्रकाशाचा उगम बदलतो, त्याचा आकार बदलतो आणि झोताची कड विस्कटते. जो प्रकाश रस्त्यावर पडायचा तो झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांवर पडतो. २०२० पासून जर्मनीत काही एलईडी बल्बांना मान्यता मिळू लागली, हे खरे. परंतु ती अमुक गाडीच्या अमुक दिव्यात चाचणी घेऊन, तेवढ्यापुरतीच दिली जाते. ‘कोणत्याही गाडीत चालतो’ असे खोक्यावर छापलेला बल्ब त्या मान्यतेच्या वाऱ्यालाही उभा राहू शकत नाही.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. असे संच बसवणारे अनेक सुजाण लोक शपथेवर सांगतात की आता आम्हांला अधिक चांगले दिसते. ते खोटे बोलतात काय? नाही, ते फसलेले असतात आणि फसवणारा त्यांचा स्वतःचाच डोळा असतो. विस्कटलेला झोत गाडीच्या नाकापुढचा दहा-पंधरा मीटरचा पट्टा प्रखर उजळून टाकतो. तो पाहून मनाला निर्धास्त वाटते. पण जवळच्या प्रखर उजेडाने डोळ्याची बाहुली आकुंचन पावते आणि दूरच्या अंधुक वस्तू पूर्वीपेक्षा कमी दिसू लागतात. चालकाला गरज असते ती दूरची वस्तू दिसण्याची. नाकापुढचा खड्डा दिसेपर्यंत तो चुकवण्याची वेळ टळून गेलेली असते. उजेड दिसणे आणि उजेडात दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सारा बाजार पहिली दाखवून दुसरीची किंमत घेतो.

मग सामान्य माणसाने अंधारातच गाडी हाकावी काय? तसे मुळीच नाही. उजेड वाढवण्याचा सुरक्षित मार्ग आहे. तो स्वस्तही आहे. मात्र त्याचा क्रम पाळला पाहिजे. आधी कळस आणि मग पाया, असे येथे चालत नाही.

पहिली पायरी स्वच्छतेची. पुढची मोठी काच आतून-बाहेरून पुसावी. आतल्या बाजूस साचलेला धुरकट थर समोरचा प्रकाश पसरवून तिरीप वाढवतो. आजच्या दिव्यांचे आवरण काचेचे नसून पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचे असते आणि उन्हातील अतिनील किरणांनी ते काही वर्षांत पिवळे, खरबरीत होते. असे आवरण उजेड अडवते आणि जो सोडते तो इतस्ततः उधळते. ते घासून, चकाकी देऊन त्यावर संरक्षक लेप लावता येतो; फारच बिघडले असेल तर पूर्ण दिवा बदलावा. मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला नवा चष्मा देऊन काय उपयोग?

दुसरी पायरी विजेची. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो. तो बल्बाच्या होल्डरपर्यंत किती पोचतो, हे कोणताही कुशल इलेक्ट्रिशियन दिवा पेटता ठेवून मीटरने पाच मिनिटांत सांगू शकतो. जुन्या गाडीत गंजलेले सांधे, सैल अर्थिंग आणि बारीक तारा यांमुळे वाटेत एक-दीड व्होल्ट सहज गळतो. तंतूच्या बल्बाचा गुण असा की दाब थोडा घटला तरी प्रकाश फार घटतो : ५ टक्के दाब कमी झाला की सुमारे १६ टक्के प्रकाश जातो, १० टक्के कमी झाला की सुमारे ३० टक्के. म्हणजे ज्याला आपण बल्बाचा दोष समजतो, तो अनेकदा तारेचा दोष असतो. सांधे साफ करावेत, अर्थिंग नीट करावे. एवढ्याने भागले नाही, तर जुन्या गाडीत बॅटरीपासून फ्यूज घालून, योग्य जाडीच्या तारेने आणि रिलेच्या मार्फत दिव्यांना वीज देता येते. गाडीचे मूळ बटण मग केवळ रिलेला हुकूम देते. मात्र ज्या नव्या गाड्यांत दिव्यांचे नियंत्रण संगणकाकडे आहे, त्यांत हा उद्योग उत्पादकाच्या सल्ल्याशिवाय करू नये. बिघाडाच्या खुणा उमटतील आणि हमीही जाईल.

तिसरी पायरी बल्बाची. जुने बल्ब विझले नसले तरी वयोमानाने मंदावतात. ते जोडीने बदलावेत, एकच बदलू नये. वॉट मूळचेच असावेत, जात मूळचीच असावी आणि बल्बावर मान्यतेची खूण असावी. वर्तुळातील इंग्रजी ‘ई’ अक्षर व त्यापुढील आकडा ही त्यांतली जगभर ओळखली जाणारी खूण. नामवंत उत्पादकांचे त्याच ६०/५५ वॉटचे, पण अधिक आटोपशीर तंतूचे हॅलोजन बल्ब मिळतात. ते प्रकाश अधिक नेमक्या जागी टाकतात आणि दूरवर काही अधिक दिसते. त्यांचे आयुष्य मात्र साध्या बल्बापेक्षा कमी असते. हा सौदा प्रामाणिक आहे, कारण त्याची किंमत घेणारा स्वतः मोजतो, समोरचा नव्हे. खोक्यावरील ‘१०० टक्के अधिक’ वगैरे आकडे रस्त्यावरच्या निवडक बिंदूंपुरते असतात, एकंदर प्रकाशाचे नसतात, हेही ध्यानात ठेवावे. बल्ब बसवताना काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा तापून काच अवेळी फुटू शकते.

चौथी पायरी दिशेची. आणि आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची व सर्वांत उपेक्षित आहे. बल्ब बदलल्यावर दिव्यांचा रोख तपासलाच पाहिजे. सपाट जागी गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी आणि खालचा झोत लावावा. सर्वसाधारण मोटारीत झोताची कड दिव्याच्या उंचीपेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत किंवा दिव्यावरच छापलेला असतो. पुष्कळ गाड्यांत चालकाच्या हाताशी ० ते ३ असे आकडे असलेली एक लहान चकती असते. मागे माणसे आणि सामान भरले की गाडीचे नाक वर होते, तेव्हा झोत खाली आणण्यासाठी ती दिलेली असते. दिवाळीला गावी निघालेल्या भरगच्च गाड्यांपैकी कितींच्या चालकांना तिचा उपयोग माहीत असतो?

एवढे सारे केल्यावरही एक मर्यादा उरतेच. तिचा विसर पडू नये. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच असेल आणि झोत शंभरास एक या प्रमाणात खाली वळलेला असेल, तर त्याची कड ६५ मीटरवर जमिनीला टेकते. डाव्या कडेला तेवढे त्याहून थोडे पुढे दिसते. चालकाला धोका उमजून ब्रेकवर पाय जाण्यास दीड सेकंद धरला आणि कोरडा रस्ता गृहीत धरला, तरी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी थांबण्यास सुमारे ४८ मीटर लागतात, ८० ला ७४ मीटर आणि समृद्धी महामार्गावरील १२० च्या वेगाला सुमारे १४० मीटर. याचा अर्थ उघड आहे. खालच्या झोतावर ८० च्या वेगाने जाणारा चालक आपल्याला न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी घालत असतो. आणि उजेड दुप्पट केला म्हणून अंतर दुप्पट होत नाही. प्रकाश अंतराच्या वर्गाने विरळ होतो, म्हणून दुप्पट उजेडाला पल्ला जेमतेम दीडपटीच्या आत वाढतो. जो प्रश्न वेगाचा आहे, तो बल्बाने सुटत नाही.

आता शासनाकडे वळू. कायदा नाही, अशी सबब येथे चालणार नाही. दिव्याचा झोत कायमचा खाली वळलेला असावा आणि समोर ८ मीटरवर, १.५ मीटर उंचीवरच्या डोळ्याला तो दिपवणारा नसावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ पासून सांगत आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करण्यास मनाई केली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तर नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. परंतु कायदा पुस्तकात आणि झोत डोळ्यांत, अशी स्थिती आहे. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते. त्या अवधीत तिच्या दिव्यांचा रोख कोणताही सरकारी माणूस पाहत नाही. धुराची तपासणी मात्र नियमाने होते. मग त्याच धूर-तपासणी केंद्रावर दिव्यांचा रोख आणि बल्बाची जात पाहण्याची सोय का करू नये? रोख पाहण्याचे यंत्र काही अवकाशविज्ञानाचे नाही. प्रथम सापडलेल्यास दंडाऐवजी दुरुस्तीसाठी आठवड्याची मुदत द्यावी; दुसऱ्यांदा सापडल्यास मात्र दया नको. आणि ग्राहकाला दंड करायचा, पण त्याच रस्त्यावरच्या दुकानात तोच बल्ब राजरोस विकू द्यायचा, हा न्याय नव्हे. दंडाचा पहिला हक्कदार विक्रेता आहे.

तरीही केवळ पोलिसांच्या भरवशावर हा प्रश्न सुटणार नाही, कारण त्याच्या मुळाशी एक शर्यत आहे. समोरच्याने उजेड वाढवला म्हणून मी वाढवतो, मी वाढवला म्हणून मागचा वाढवतो. प्रत्येकाला स्वतःचे वागणे शहाणपणाचे वाटते आणि सर्वांचे मिळून जे होते ते सामुदायिक आंधळेपण असते. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसावे आणि आपल्या गाडीचे मुसळ दिसू नये, ही मनुष्यस्वभावाची जुनीच रीत आहे. मालमोटारींच्या पाठीवर ‘यूज डिपर ॲट नाइट’ ही तीन-चार शब्दांची विनवणी कित्येक दशके रंगवलेली आपण वाचत आलो. ज्यांना आपण अडाणी म्हणतो, त्या ट्रकचालकांच्या गाड्यांनी हे सौजन्य पाठीवर मिरवले. सुशिक्षितांच्या गाड्यांना मात्र ते आचरणात आणणे जड जाते. समोरून वाहन दिसताच झोत खाली घेणे याला पैसा लागत नाही, परवाना लागत नाही, तंत्रज्ञही लागत नाही.

आमची सुट्टीवर निघणाऱ्या वाचकांना आग्रहाची विनंती आहे की, निघण्यापूर्वी एक संध्याकाळ या कामी द्यावी. काच पुसावी, सांधे तपासावेत, मूळ वॉटचे चांगले बल्ब घालावेत, भिंतीसमोर गाडी उभी करून झोत पाहावा आणि कोणी बसवलेला भडक संच गाडीत असेल तर तो काढून टाकावा. ज्या दुचाकीस्वाराला आपल्या झोताने क्षणभर काही दिसेनासे होते, तो कदाचित रस्त्याच्या कडेने चाललेल्या माणसावर जाऊन आदळेल. आणि आपण तोवर पुढच्या वळणावर पोचलेले असू. आपल्या हातून काय घडले, हे आपल्याला कधी कळणारही नाही. म्हणूनच ते घडू नये याची काळजी आधी घ्यावी लागते.